‘वजन उचलू नका’ : एका सल्ल्याची तपासणी आणि ती वाचायची कशी



पीएचडीची प्रवेश परीक्षा झाली, मुलाखत झाली, गाईड मिळाले. पहिल्याच भेटीत सर किंवा मॅडम सांगतात, “आधी पन्नास पेपर वाचून या, मग बोलू.” आता पेपर वाचायचा म्हणजे नक्की काय करायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. मग आपण अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचतो, निष्कर्षाचं शेवटचं वाक्य पिवळ्या रंगाने रंगवतो, आणि तेच वाक्य पुढे आपल्या प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात जाऊन बसतं.

म्हणून आज एकाच संशोधिकेचं काम घेऊन ते नीट, टीकेच्या नजरेने वाचू. संशोधिका आहेत अमेरिकेतल्या कॅथरिन श्मित्झ. विषय आहे कर्करोगाच्या उपचारांनंतरचं पुनर्वसन. हे काम निवडायची तीन कारणं. एक, प्रश्न रोजच्या जगण्यातला आहे. दोन, दहा वर्षांच्या अंतरात आलेले त्यांचे तीन मोठे पेपर एकमेकांशी बोलतात. तीन, त्यातले आकडे इतके लहान आहेत की तुम्ही कागद-पेन घेऊन ते स्वतः तपासू शकता.

एक खुलासा आधीच करते. हा लेख संशोधन वाचायला शिकण्यासाठी आहे, वैद्यकीय सल्ला नाही. घरात कुणी या आजारातून जात असेल तर व्यायामाचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांशी आणि फिजिओथेरपिस्टशी बोलूनच घ्यायचा.

प्रश्न काय होता?

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत बऱ्याचदा काखेतल्या लसिकाग्रंथी काढाव्या लागतात. काही जणींना तिथे रेडिएशनही दिलं जातं. हातातला लसिका नावाचा द्रव याच ग्रंथींमधून वर जातो. वाट अरुंद झाली की द्रव साचतो आणि हात सुजतो. याला लिम्फेडेमा म्हणतात. काही जणींना तो होतच नाही, काहींना काही महिन्यांत होतो, काहींना कित्येक वर्षांनी. एकदा झाला की बहुतेक वेळा आटोक्यात ठेवता येतो, पूर्ण जात नाही.

आता तर्क बघा. हातावर ताण आला की रक्तपुरवठा वाढणार, द्रव जास्त तयार होणार, निचरा कमी, म्हणजे सूज वाढणार. म्हणून सल्ला: त्या हाताने वजन उचलू नका. मूल कडेवर घेऊ नका, किराणाची पिशवी धरू नका, जिमचं तर नावच नको. तर्क ऐकायला पटणारा आहे. अडचण एवढीच, की वर्षानुवर्षं दिला गेलेला हा सल्ला नीट तपासलेला नव्हता. आणि त्याची किंमत होती. हात वापरला नाही की स्नायू कमजोर होतात, आणि कमजोर हाताला साधं कामही जड जातं. म्हणजे जपण्यासाठी दिलेला सल्लाच हाताला आणखी नाजूक करत असेल का?

इथे पहिली नोंद करा. चांगला संशोधन-प्रश्न बऱ्याचदा ‘सगळेच असं सांगतात’ या वाक्याच्या मागे लपलेला असतो. पण ‘सगळे सांगतात म्हणजे चूक’ असंही नसतं. तपासावं लागतं.

होडीतल्या २४ जणी

श्मित्झ यांच्या आधी हा प्रश्न दुसऱ्या एकाने विचारला होता. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉन मॅकेन्झी या क्रीडावैद्यक डॉक्टरांनी १९९६ मध्ये स्तनाच्या कर्करोगातून बाहेर आलेल्या २४ जणींना ड्रॅगन बोट वल्हवायला शिकवलं. वल्हवणं म्हणजे हात आणि खांदे यांचं जोरकस काम, म्हणजे नेमकं तेच जे करू नका असं सांगितलं जात होतं. लिम्फेडेमाची एकही नवी केस आली नाही. १९९८ मध्ये त्यांनी हे कॅनेडियन मेडिकल असोसिएशन जर्नलमध्ये लिहिलं.

यातून काय सिद्ध झालं? फार थोडं. स्वतःहून होडीत बसायला तयार झालेल्या बायका आधीच धडधाकट असू शकतात. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. संख्या २४. पण काहीच झालं नाही असंही नाही. ‘हात वापरला की सूज येणारच’ या ठाम विधानाला तडा गेला. अशा निरीक्षणाचं काम उत्तर देणं नसतं, पुढच्या प्रयोगाला परवानगी मिळवून देणं असतं. तुमच्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये अशा पेपरला कमी लेखू नका आणि पुरावा म्हणून मिरवूही नका.

‘फरक दिसला नाही’ आणि ‘फरक नाही’

श्मित्झ यांच्या गटाने आधी ४५ जणींवर सहा महिन्यांचा छोटा प्रयोग केला, तो २००६ मध्ये आला. मग फिलाडेल्फियात मोठा प्रयोग उभा केला. त्याचं नाव ‘पाल’, म्हणजे शारीरिक हालचाल आणि लिम्फेडेमा या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. यात दोन वेगळे प्रश्न होते आणि दोन वेगळे गट. ज्यांना लिम्फेडेमा आधीच आहे आणि स्थिर आहे अशा १४१ जणी, त्यांचा निकाल २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. ज्यांना तो नाही पण होऊ शकतो अशा १५४ जणी, त्यांचा निकाल २०१० मध्ये जामामध्ये. दोन्हीकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी: अर्ध्या जणींना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनाचा व्यायाम, बाकीच्यांना नेहमीचं आयुष्य.

पहिल्या गटाचा निकाल: हाताची सूज ५ टक्के किंवा त्याहून जास्त वाढलेल्या बायका व्यायामाच्या गटात ११ टक्के, दुसऱ्या गटात १२ टक्के. म्हणजे जवळपास सारखंच.

आता इथे थांबा, कारण परीक्षेत आणि मुलाखतीत हमखास विचारला जाणारा मुद्दा इथेच आहे. ‘फरक दिसला नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा होत नाही. दहा-दहा जणींवर प्रयोग केला तर कुठलाच फरक सहसा सापडणार नाही, आणि मग कुठल्याही गोष्टीवर ‘सुरक्षित’ असा शिक्का मारता येईल. सुरक्षिततेचा दावा करायचा असेल तर प्रश्न उलटा विचारावा लागतो: ‘जास्तीत जास्त किती नुकसान आम्ही चालवून घेऊ, आणि नुकसान त्यापेक्षा कमी आहे हे दाखवता येतं का?’ याला समतुल्यतेची चाचणी म्हणतात. जामाच्या पेपरमध्ये श्मित्झ यांनी हेच केलं. लिम्फेडेमाचं प्रमाण दुप्पट होणं ही त्यांनी आखलेली मर्यादा होती.

निकाल असा. नव्याने सूज आलेल्या बायका व्यायामाच्या गटात ७२ पैकी ८, म्हणजे ११ टक्के. दुसऱ्या गटात ७५ पैकी १३, म्हणजे १७ टक्के. फरकाचा ९५ टक्के विश्वासांतराल उणे १७.२ पासून अधिक ५.२ पर्यंत. साध्या भाषेत सांगायचं तर, या माहितीशी जुळणाऱ्या शक्यता अशा: व्यायामामुळे १०० जणींमागे साधारण १७ जणींचा लिम्फेडेमा कमी होत असेल, किंवा फार तर ५ जणींचा वाढत असेल. ‘वजन उचललं की हात सुजणारच’ या भीतीला हे उत्तर पुरेसं आहे. ‘वजन उचललं की हात सुजत नाही’ असं म्हणायला मात्र पुरेसं नाही, कारण अंतरालात शून्यही बसतं आणि थोडं नुकसानही.

माझ्या मते श्मित्झ यांच्या कामाचं खरं बळ इथे आहे. पुरावा नसलेल्या मनाईला त्यांनी घोषणेने उत्तर दिलं नाही. मनाई चुकीची ठरायची असेल तर काय दिसायला हवं, ते आधी ठरवलं आणि मग मोजलं. मर्यादा ‘दुप्पट’च का, ‘दीडपट’ का नाही, हा प्रश्न तुम्ही जरूर विचारा. ती रेघ निसर्ग आखत नाही, संशोधक आखतो. ज्या बाईचा हात आहे तिला कदाचित वेगळी रेघ हवी असेल. पण रेघ उघड आखलेली आहे म्हणून तर आपल्याला तिच्यावर बोलता येतं.

वजाबाकी करून बघा

आता जामाच्या त्याच पेपरमधला सर्वात आकर्षक आकडा घेऊ. ज्यांच्या ५ किंवा जास्त ग्रंथी काढल्या होत्या, अशा जणींमध्ये व्यायामाच्या गटात ४५ पैकी ३ जणींना लिम्फेडेमा झाला, दुसऱ्या गटात ४९ पैकी ११ जणींना. म्हणजे ७ टक्के विरुद्ध २२ टक्के! हे वाचल्यावर कुणालाही वाटेल की वजन उचलल्याने लिम्फेडेमा टळतो, आणि जास्त धोका असलेल्या बायकांमध्ये तर नक्कीच.

कागद घ्या आणि वजाबाकी करा. एकूण ७२ पैकी ८ मधून ४५ पैकी ३ काढा. उरतात २७ पैकी ५. आता दुसरा गट: ७५ पैकी १३ मधून ४९ पैकी ११ काढा. उरतात २६ पैकी २. म्हणजे ज्यांच्या ५ पेक्षा कमी ग्रंथी काढल्या होत्या, त्यांच्यात व्यायामाच्या गटात साधारण १९ टक्के आणि दुसऱ्या गटात साधारण ८ टक्के. दिशाच उलटली!

मग आता काय म्हणायचं? कमी ग्रंथी काढलेल्यांना व्यायाम घातक आहे? मुळीच नाही. ५ आणि २ या आकड्यांवर कुणी असा निष्कर्ष काढला तर आपण हसू. पण मग त्याच न्यायाने ३ आणि ११ वरसुद्धा ‘व्यायामाने लिम्फेडेमा टळतो’ असं म्हणता येत नाही. संपूर्ण गटाचा फरक शून्याला धरून असताना एक उपगट खूप चांगला दिसला, तर दुसरा उपगट वाईट दिसणं हे गणितानेच येतं. दोन-तीन बायका इकडच्या तिकडे झाल्या असत्या तर चित्र बदललं असतं.

प्रयोग ‘नुकसान होत नाही ना’ हे तपासायला आखला होता. ‘फायदा होतो का’ हा दुसरा प्रश्न आहे आणि त्याला वेगळा, मोठा प्रयोग लागतो. पेपर सुरक्षिततेबद्दल बोलतो तोवर त्याचं पाऊल घट्ट जमिनीवर आहे. वाचणारा हा आकडा उचलून प्रतिबंधाबद्दल बोलायला लागला, की जमीन भुसभुशीत होते.

मोजायचं कसं, यावरही निकाल अवलंबून असतो. वर दिलेले २१ जणींचे आकडे दोन हातांच्या आकारमानातल्या फरकावरून आहेत. त्याच प्रयोगात तज्ज्ञाने तपासून ठरवलेला लिम्फेडेमा धरला तर व्यायामाच्या गटात १ आणि दुसऱ्या गटात ३, एवढ्याच केसेस होत्या, आणि इतक्या कमी आकड्यांवर समतुल्यतेची कसोटी पारही झाली नाही. आजार तोच, बायका त्याच, व्याख्या बदलली की २१ चे ४ झाले. पेपर वाचताना ‘किती टक्के’ याच्या आधी ‘कशाचे टक्के’ हे विचारा.

२००९ च्या पेपरमधला एक आकडाही असाच जपून वाचायचा आहे. लिम्फेडेमा अचानक बळावण्याचं प्रमाण तज्ज्ञांच्या तपासणीनुसार १४ टक्के विरुद्ध २९ टक्के निघालं, व्यायामाच्या बाजूने. लक्षणांचा त्रासही त्यांनी कमी सांगितला, ताकद वाढली. ताकद वाढण्याबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण आपण व्यायामाच्या गटात आहोत हे त्या बायकांना माहीत होतं, ते लपवणं शक्यच नव्हतं. म्हणून स्वतः सांगितलेल्या लक्षणांचं वजन थोडं कमी धरायचं. आणि हे प्रयोगाचे मुख्य मोजमाप नव्हते, दुय्यम होते, हेही ध्यानात ठेवायचं.

नेमकं तपासलं काय?

बातमीत मथळा असतो ‘वजन उचलणं सुरक्षित’. पण प्रयोगात ‘वजन उचलणं’ नावाची एकच गोष्ट नव्हती. पहिले १३ आठवडे प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्यायाम. सुरुवात अगदी कमी वजनाने किंवा वजनाशिवाय. लक्षणं बदलली नाहीत तरच पुढचं, सर्वात लहान पाऊल. वरची मर्यादा घातलेली नव्हती, पण वर जायचा रस्ता पायरीपायरीचा. ज्यांना लिम्फेडेमा होता त्यांनी व्यायाम करताना मापाची दाब देणारी बाही घातली होती. लिम्फेडेमा स्थिर असणं ही अट होती. म्हणजे तपासला गेला तो एक संच: हळूहळू वाढणारं वजन, शिकवणारं माणूस, बाही आणि आठवड्यातले दोन दिवस.

संचातला कुठला भाग कामाचा, हे या प्रयोगावरून सांगता येत नाही. याचं महत्त्व तिसऱ्या पेपरमध्ये कळतं. २०१९ मध्ये श्मित्झ यांच्या गटाचा ‘वायझर सर्व्हायव्हर’ हा प्रयोग जामा ऑन्कॉलॉजीमध्ये आला. लिम्फेडेमा असलेल्या, वजन जास्त असलेल्या ३५१ जणी, चार गट: घरी करायचा व्यायाम, वजन कमी करण्याचा कार्यक्रम, दोन्ही, आणि काहीच नाही. कालावधी एक वर्ष. निकाल: लिम्फेडेमामध्ये कुठल्याच गटात सुधारणा दिसली नाही. वजन कमी झालं, हात तसाच राहिला.

काही जण म्हणतील, मग आधीचं काम चुकलं. तसं नाही. ‘पाल’चा मुख्य प्रश्न होता ‘बिघडतं का’, ‘वायझर’चा होता ‘सुधारतं का’. बायकांचा गट वेगळा, जागा वेगळी, देखरेख वेगळी. जिममधला व्यायाम घरी आणला की तो तोच राहतो असं गृहीत धरता येत नाही, एवढं मात्र यातून नक्की दिसतं. आणि मला यातली सर्वात चांगली गोष्ट ही वाटते, की ज्या संशोधिकेचं नाव एका होकारार्थी निकालाने झालं, तिनेच तो निकाल सोप्या आणि स्वस्त रूपात टिकतो का हे तपासलं आणि नकारार्थी उत्तर छापलं. आपल्या स्वतःच्या गाजलेल्या कामावर असा प्रयोग करणारे फार नसतात.

आपल्याकडे वाचताना

आता हा पुरावा महाराष्ट्रातल्या एखाद्या गावातल्या बाईला लागू होतो का? ‘अमेरिकेतलं आहे, आपल्याला काय’ हे उत्तर आळशी आहे, आणि ‘विज्ञान सगळीकडे सारखंच’ हेही तितकंच आळशी. शरीराचं काम सारखं आहे, संच सारखा नाही. आपल्याकडे अनेक जणी उशिरा, गाठ वाढल्यावर दवाखान्यात पोचतात आणि काखेतल्या बऱ्याच ग्रंथी काढाव्या लागतात. मापाची बाही आणि प्रशिक्षक या गोष्टी सगळ्यांच्या आवाक्यात नाहीत. आणि वजन उचलणं हा इथे ऐच्छिक व्यायाम नाही. १५ लिटरचा भरलेला हंडा म्हणजे नुसत्या पाण्याचेच १५ किलो, तोही रोज आणि पहिल्याच दिवसापासून. ‘वजन उचलू नका’ हा सल्ला तिला पाळता येत नाही. ‘वजन उचलणं सुरक्षित आहे’ हा मथळाही तिच्यासाठी खरा नाही, कारण तिचा हंडा पायरीपायरीने जड होत नाही.

मग तिच्यासाठी प्रश्न कुठला? हात पुन्हा रोजच्या कामाला तयार करायचा असेल तर देखरेख किती लागेल, ती कोण देऊ शकेल, बाहीशिवाय चालेल का, सूज घरच्या घरी टेपने मोजता येईल का. यातला प्रत्येक प्रश्न एका पीएचडीला पुरेल. फिजिओथेरपी, नर्सिंग, सार्वजनिक आरोग्य किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्यांनी हे जरूर लिहून ठेवा.

तर मग निवाडा काय?

२००५ च्या अखेरीस अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने एक अहवाल काढला होता. कर्करोगाचे उपचार संपल्यावर रुग्ण व्यवस्थेच्या हातून निसटतो, हा त्याचा मुख्य मुद्दा. श्मित्झ यांचं काम त्याच काळातलं आहे. तोवर ‘जीव वाचला ना’ इथेच गोष्ट संपत होती. वाचलेला जीव मूल कडेवर घेऊ शकतो का, हाही मोजण्यासारखा प्रश्न आहे हे अशा कामाने दाखवलं. पुढे २०१९ च्या अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या मार्गदर्शनातही देखरेखीखालचा, हळूहळू वाढवलेला व्यायाम लिम्फेडेमा असलेल्यांसाठी सुरक्षित धरला गेला. ‘देखरेखीखालचा’ आणि ‘हळूहळू’ हे दोन शब्द मार्गदर्शनात आहेत, मथळ्यांत गळतात. ते तुमच्या प्रबंधात गळू देऊ नका.

माझा निवाडा असा: सुरक्षिततेचं काम भक्कम, प्रतिबंधाचा दावा अजून कच्चा, आणि घरगुती रूपाचा प्रश्न उघडा.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या विषयातला, उपगटाचा चमकदार आकडा असलेला एक पेपर शोधा. एकूण आकड्यांमधून तो उपगट वजा करा आणि जे उरतं त्याकडे दोन मिनिटं बघा. मग निष्कर्षाचं शेवटचं वाक्य स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहा. ते मूळ वाक्यापेक्षा थोडं लांब आणि थोडं कमी जोरकस झालं, तर तुम्ही पेपर वाचलात असं समजा.

पुढच्या लेखात सॅम्पल साइज कसा ठरवतात ते बघू. ७२ आणि ७५ हे आकडे पुरेसे होते का, तिथूनच सुरुवात करू.